नेमक्या वारंवारतेची विचारणा

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी या गावाचे नाव गेल्या दोन पिढ्यांत पंचक्रोशीबाहेर पोहोचले ते मुख्यत्वेकरून तेथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे. मराठवाड्यातील जुन्या सहकारी कारखान्यांत त्याची गणना होते, आणि मध्यंतरी कित्येक हंगाम तो बंद राहिला तेव्हा तेरणेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला त्याची उणीव किती जाणवली हे त्या भागात हिंडलेल्या कोणालाही ठाऊक असेल. साखर कारखाना हा जसा अर्थव्यवहाराचा तसाच कंपनांचाही एक विस्तीर्ण मुलूख आहे. गव्हाणीत पहिली मोळी पडली की उसाचे तुकडे करणारे सुरे मिनिटाला सुमारे सहाशे फेऱ्यांनी फिरू लागतात, फायब्रायझरचे हातोडे त्याहून वेगाने उसाची चिपाडे करतात, मिलचे अवजड रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेत संथपणे रस पिळतात, आणि पलीकडे वीजघरात टर्बाइनचा दंड हजारो फेऱ्यांनी भिरभिरत असतो. ही सारी यंत्रे एकाच जमिनीवर, एकाच वेळी, आपापल्या लयीत थरथरत असल्यामुळे त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तळपायांना जे जाणवते तो या सर्वांचा एकत्रित गलबला असतो.

या गलबल्यातून एका बेअरिंगची तक्रार वेगळी काढण्याची विद्या जुन्या फिटरांपाशी होती व आजही आहे. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून त्याची मूठ कानाशी धरणारा अनुभवी फिटर जे सांगतो ते बहुधा खरे ठरते, आणि या कौशल्याविषयी मला नितांत आदर आहे; परंतु त्याच्या कानाला ऐकू आलेले नोंदवहीत उतरवता येत नाही, मागील महिन्याच्या ऐकण्याशी ताडून पाहता येत नाही, आणि तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर जाते. म्हणून त्वरणमापक नावाचे छोटे उपकरण चुंबकाच्या पायाने यंत्राला चिकटवून त्याची खबर संगणकाला देण्याची रीत आली, आणि पडद्यावर डोंगररांगेसारखी एक दातेरी रेघ उमटू लागली. आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्या अक्षावर कंपनाचे प्रमाण. नवखा मनुष्य या रांगेतील सर्वांत उंच शिखर शोधतो, त्यावर कर्सर नेतो, दिसलेला आकडा लिहून घेतो आणि आपले काम झाले असे समजतो. या प्रकरणात मला आग्रहाने सांगावयाचे आहे ते असे की, आकडा वाचण्याआधी कोणत्या वारंवारतेवर वाचावयाचा हे यंत्राच्या रचनेवरून ठरलेले असले पाहिजे, आणि त्या वारंवारतेवर वाचलेला आकडा कितपत खरा आहे हे आपण यंत्राचे म्हणणे किती वेळ ऐकून घेतले यावर अवलंबून असते.

ही गोष्ट संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. जुन्या वीजघरांच्या स्विचबोर्डावर विजेची वारंवारता दाखवणारा एक मीटर असे. त्याला काटा नसे. एका आडव्या खाचेत पोलादी पट्ट्यांची एक ओळ असे, प्रत्येक पट्टीचे टोक पांढऱ्या रंगाने रंगवलेले, आणि खाली ४७ पासून ५३ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याच्या अंतराने आकडे. प्रत्येक पट्टीची लांबी व तिच्या टोकाचे वजन असे घासून जमवलेले असे की ती एका ठराविक वारंवारतेलाच मनापासून प्रतिसाद देई. पाठीमागच्या विद्युतचुंबकात जनित्राची वीज खेळू लागली की ५० ची पट्टी जोराने हेलकावे खाऊन तिचे पांढरे टोक रुंद पट्ट्यासारखे दिसू लागे, ४९.५ व ५०.५ या शेजाऱ्यांची किंचित चुळबुळ होई आणि बाकीच्या पट्ट्या निश्चल राहत. वेग थोडा उतरला आणि ४९.५ व ५० या दोन पट्ट्या सारख्याच रुंद दिसू लागल्या, तर वीजघरातील जाणता मनुष्य ४९.७५ असे लिही, जरी त्या आकड्याची पट्टी मीटरात नव्हती. आजच्या सॉफ्टवेअरमधील कर्सरविषयी जे काही समजून घ्यावयाचे, त्याचे बीज या मीटरात आहे: निवडक वारंवारता, प्रत्येकीचा स्वतंत्र प्रतिसाद, शेजाऱ्यांकडे होणारी गळती, आणि दोन पट्ट्यांच्या मधला आकडा अनुमानाने काढण्याची युक्ती.

याच तत्त्वाचे एक भव्य रूप भूकंपशास्त्रात आढळते, आणि त्याचा संबंध महाराष्ट्राशी फार निकटचा आहे. साठीच्या दशकात रुरकी येथील शास्त्रज्ञांनी एक स्वस्त आणि टिकाऊ उपकरण सिद्ध केले. त्यात सहा लंबक असत, त्यांचे दोलनकाल ०.४०, ०.७५ आणि १.२५ सेकंद असे तीन, आणि प्रत्येक दोलनकालासाठी अवमंदनाचे प्रमाण दोन प्रकारचे. भूकंप आला की प्रत्येक लंबक जास्तीत जास्त किती हलला एवढेच ते नोंदवी. जमीन कशी हलली याची संपूर्ण बखर त्यात नसे, परंतु ‘०.४० सेकंद दोलनकालाची इमारत येथे असती तर ती किती झुकली असती’ या एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर त्यात असे, आणि इमारत बांधणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढेच हवे असते. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या अंतर्भागातील त्वरणलेखकाने जमिनीच्या धक्क्याची सलग नोंद केली. ती नोंद जगभरच्या धरण-अभियंत्यांनी आजवर असंख्य वेळा अभ्यासली आहे. तिच्यातील प्रत्येक वळसा काही त्यांना सारखाच महत्त्वाचा नव्हता. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या उंच भागाची स्वाभाविक वारंवारता सेकंदाला सुमारे तीन भरते, म्हणून त्या वारंवारतेच्या आसपास धक्का किती प्रबळ होता हे वाचल्यावाचून धरणाला तडे का गेले याचा उलगडा होणे शक्य नव्हते.

ढोकीच्या माणसाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. बसकी आणि ताठर असल्यामुळे त्यांची स्वाभाविक वारंवारता मोठी, आणि भिंतींचे आतले व बाहेरचे थर परस्परांत नीट गुंफलेले नसल्यामुळे धक्क्याबरोबर ते विलग होऊन कोसळले. त्यापूर्वीच्या सरकारी नकाशात हा प्रदेश भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात मोडत होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात घालण्यात आला. आता आराखडा करणारा अभियंता इमारतीचा दोलनकाल काढतो आणि मानकातील वक्रावर त्याच एका बिंदूपाशी आकडा वाचतो. भूकंप असो की पंखा, प्रश्न विचारण्याची पद्धत एकच आहे.

संगणक हे काम पट्ट्या आणि लंबकांवाचून करतो, कारण फ्रान्समधील जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णताविषयक ग्रंथात मांडलेली रीत त्याच्या हाती आहे. एखाद्या वारंवारतेविषयी विचारावयाचे असले की त्या वारंवारतेची एक शुद्ध लहर गणिताने तयार करावयाची, नोंदलेल्या कंपनाच्या प्रत्येक क्षणाच्या आकड्याला त्या लहरीच्या त्याच क्षणाच्या आकड्याने गुणावयाचे आणि सर्व गुणाकारांची बेरीज घ्यावयाची; कंपनात ती वारंवारता असेल तर बेरीज साचत जाते, नसेल तर अधिक-उणे होऊन शून्याकडे वळते. सर्व वारंवारतांसाठी हा हिशेब एकदम आणि त्वरेने करण्याची युक्ती १९६५ साली कूली व टूकी यांनी प्रसिद्ध केली, तीवरच आजची बहुतेक सॉफ्टवेअरे उभी आहेत; परंतु मोजक्याच वारंवारतांचे मूल्य हवे असेल तर त्यापूर्वी, १९५८ साली, गर्ट्झेल यांनी दिलेली पद्धत अधिक काटकसरीची ठरते. बटणांच्या दूरध्वनीवर ५ दाबले असता ७७० व १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम निघतात, आणि समोरच्या यंत्रणेला केवळ आठ ठरलेल्या वारंवारतांची विचारपूस करून कोणते बटण दाबले गेले हे ओळखता येते.

आता या हिशेबातील खरी मेख. बेरीज किती वेळाची घेतली यावर दोन शेजारच्या वारंवारता वेगळ्या दिसतील की नाही हे ठरते: एक सेकंद ऐकले तर एक हर्ट्झच्या अंतराने रेषा मिळतात, चार सेकंद ऐकले तर पाव हर्ट्झच्या. याला कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पळवाट नाही. वीजघराशेजारच्या पंपाची दोन ध्रुवांची मोटर घ्या. ती मिनिटाला २९७० फेरे घेत असेल तर तिच्या दंडाची वारंवारता ४९.५ हर्ट्झ, आणि पंप व मोटर यांच्या दंडांची रेषा जुळलेली नसली तर त्याची खूण बहुधा तिच्या दुपटीवर, म्हणजे ९९ हर्ट्झवर उमटते. दुसरीकडे ५० हर्ट्झची वीज प्रत्येक आवर्तनात लोखंडाला दोनदा ओढते, म्हणून मोटरच्या विद्युत-दोषाची खूण १०० हर्ट्झवर येते. पहिल्या दोषाला फिटर बोलवावयाचा, दुसऱ्याला वायरमन. दोन्ही खुणांत अंतर एका हर्ट्झचे. सॉफ्टवेअरची मांडणी १००० हर्ट्झपर्यंत ४०० रेषा अशी असेल तर दोन रेषांमधील अंतर अडीच हर्ट्झ आणि ऐकण्याचा अवधी अवघा ०.४ सेकंद, ९९ आणि १०० एकाच शिखरात मिसळून जातात, आणि त्या शिखराचा आकडा दर मोजणीला बदलतो, कारण ही दोन कंपने सेकंदातून एकदा परस्परांना साथ देतात आणि एकदा विरोध करतात. मोटरपाशी उभे राहिल्यास हीच गोष्ट कानाला चढत्या-उतरत्या घुमण्याच्या रूपाने ऐकू येते. त्याच मांडणीत रेषा ३२०० केल्या की अवधी ३.२ सेकंदांचा होतो, रेषांमधील अंतर ०.३ हर्ट्झच्या आसपास येते आणि एका शिखराची दोन शिखरे होतात. तरीही शंका राहिलीच तर वीज तोडावी आणि पडद्याकडे पाहावे: विजेमुळे होणारे कंपन तत्क्षणी नाहीसे होते, यांत्रिक कंपन मात्र दंड मंदावत जाईल तसतसे ओसरते.

मिलच्या रोलरला हाच नियम लावून पाहिला म्हणजे त्याचा कठोरपणा कळतो. मिनिटाला चार फेरे घेणाऱ्या रोलरचा एक फेरा पंधरा सेकंदांचा. त्याच्या दहा फेऱ्यांचे म्हणणे ऐकावयाचे तर अडीच मिनिटे नोंद चालू ठेवली पाहिजे, आणि तेवढ्यात उसाचा पुरवठा कमीअधिक झाला तर ती नोंद एका अवस्थेची राहत नाही. शिवाय साधा त्वरणमापक इतक्या संथ हालचालीला जवळजवळ बहिरा असतो. तेथे विस्थापन मोजणारे उपकरण लावणेच शहाणपणाचे.

संगीताच्या क्षेत्रात आपल्याकडे हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी एका चिकित्सक माणसापुढे उभी राहिली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डेप्युटी कलेक्टर, यांनी तारेच्या लांबीवरून स्वरांची वारंवारता ठरवून बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० साली त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचे सहकार्य त्यांना लाभले होते. षड्ज २४० धरला तर ९/८ या गुणोत्तराचा ऋषभ २७० वर येतो आणि १०/९ या गुणोत्तराचा २६६.६७ वर. या दोहोंमधील अंतर सव्वातीन हर्ट्झहून थोडे अधिक, म्हणजे हे दोन ऋषभ त्यांच्या मूळ वारंवारतेवरून वेगळे ओळखावयाचे तर स्वर किमान सुमारे एक तृतीयांश सेकंद स्थिर राहिला पाहिजे. विलंबित आलापातला स्वर एवढी सवड देतो, द्रुत तान देत नाही. तानेतील श्रुतीचा नेमका आकडा पडद्यावरून वाचून दाखवणाऱ्याकडे म्हणूनच थोडे सावधपणे पाहावे.

अवधी पुरेसा घेतला तरी दुसरी अडचण उरते. संगणक आकडा देतो तो ठराविक अंतरावरच्या रेषांवर. गजांच्या खिडकीतून रस्त्याकडे पाहणाऱ्याला जसे गजाआड गेलेले दिसत नाही, तसे दोन रेषांच्या मधोमध पडलेल्या कंपनाचे खरे शिखर आपल्याला दिसत नाही. ते कितपत कमी दिसेल हे ‘विंडो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिती आच्छादनावर ठरते. कोणतेही आच्छादन न लावता मोजले तर मधोमध पडलेल्या ६ मि.मी. प्रति सेकंद कंपनाचा आकडा ३.८ च्या आसपास वाचला जातो. ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ यूलियस फॉन हान यांच्या नावाने चालणारे आच्छादन लावले तर ५.१, आणि सपाट माथ्याचे, म्हणजे ‘फ्लॅट-टॉप’ आच्छादन लावले तर चूक एका टक्क्याहूनही कमी राहते. मग नेहमी सपाट माथाच का लावू नये? कारण ते शिखर रुंद करते आणि शेजारची ९९ व १०० पुन्हा एकमेकांत मिसळतात. वेगळे ओळखण्यासाठी हान आणि आकडा घेण्यासाठी सपाट माथा, ही जुन्या जाणकारांची विभागणी मला आजही योग्य वाटते. लगतच्या तीन रेषांवरून खऱ्या शिखराची जागा व उंची काढण्याची सोयही पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि ती स्विचबोर्डावरच्या दोन पट्ट्यांमधले ४९.७५ वाचण्याचीच सुधारलेली आवृत्ती आहे. हे ध्यानात न घेतल्यामुळे घडणारा अनर्थ असा: मागील महिन्यात ६, या महिन्यात ५.१, म्हणजे यंत्र सुधारले, असा शेरा वहीत पडतो. वस्तुतः यंत्राचा वेग किंचित बदलून शिखर रेषेवरून मध्यावर सरकलेले असते आणि दोष होता तेवढाच असतो.

एककांचा घोळ याहून साधा, पण त्याहून अधिक वेळा होणारा. सेकंदाला १ मि.मी. हा वेग १० हर्ट्झवर सुमारे १६ मायक्रॉन विस्थापन दर्शवतो आणि १००० हर्ट्झवर ०.१६ मायक्रॉन, त्वरणाचे मात्र याच्या उलट, तेथे १००० हर्ट्झवरचा आकडा शंभरपट मोठा होतो. वर्गमध्यमूळ मूल्य, शिखरमूल्य आणि शिखर ते शिखर मूल्य हे तीन आकडे एकाच शुद्ध कंपनाचे असले तरी १, १.४१ आणि २.८३ या प्रमाणात असतात.

आता वारंवारता निवडावयाची कशी? यंत्राच्या अंगोपांगांवरून. बॉयलरचा पंखा मिनिटाला ९८० फेरे घेत असेल तर त्याची मूळ वारंवारता १६.३ हर्ट्झ, आणि त्याला बारा पाती असतील तर पात्यांची १९६. तोल बिघडला तर पहिल्या जागी आकडा वाढेल, हवेच्या मार्गात अडथळा आला तर दुसऱ्या जागी. २५ हर्ट्झने फिरणाऱ्या, २३ दात्यांच्या पिनियनची दातेजुळणी ५७५ वर बोलते, आणि एखादा दाता झिजला की ५५० व ६०० वर तिचे दोन सोबती उभे राहतात. ५७५ चा आकडा जागच्या जागी असताना हे सोबती वाढत गेले तर गिअरबॉक्स उघडण्याची वेळ आली असे समजावे. बेअरिंगची गोष्ट सर्वांत मनोवेधक. त्यात आठ गोळ्या असतील तर बाहेरच्या कड्यावरील खड्ड्याची खूण दंडाच्या वेगाच्या सुमारे ३.२ पट आणि आतल्या कड्यावरील खड्ड्याची ४.८ पट येते, म्हणजे आपल्या पंख्याच्या बाबतीत ५२ व ७८ हर्ट्झच्या आसपास. तोल, रेषा, पाती, दाते यांच्या खुणा वेगाच्या पूर्णांक पटीत असतात. बेअरिंगची मात्र बहुधा अपूर्णांकात येते. म्हणून ५२ जवळचा अगदी बारीक उंचवटासुद्धा, शेजारच्या उत्तुंग शिखरांच्या तुलनेत नगण्य दिसत असला तरी, पंख्याच्या भवितव्याविषयी त्या शिखरांहून अधिक सांगून जातो. उंच शिखरांमागे धावणाऱ्याच्या तो कधीच नजरेस पडत नाही.

उरली ती पाया, चौथरा आणि सांगाडा यांची स्वतःची वारंवारता. ती नावपट्टीवर नसते. यंत्र बंद असताना हातोडीचा ठोका देऊन ऐकावी लागते. ढोकीहून जवळच असलेले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे त्यांनी सांगितल्याची कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे, आणि त्या कथेच्या तळाशी कुंभाराचे रोजचे ज्ञान आहे की पक्के मडके ठोक्यानंतर घुमत राहते, तडकलेले किंवा कच्चे तत्काळ मुके होते. चौथऱ्यावर ठोका दिल्यानंतर जी वारंवारता घुमत राहते ती जर पंख्याच्या १६.३ च्या आसपास असेल तर पंख्याचा तोल कितीही वेळा साधला तरी कंपन परत येईल. दुरुस्ती चौथऱ्याचीच करावी लागेल.

यास्तव ज्या कारखान्यात, गिरणीत किंवा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात हे काम चालते तेथील मंडळींना माझी विनंती आहे की, गळीत हंगाम संपून यंत्रे उघडली जातात त्या महिन्यांत प्रत्येक यंत्राचे फेरे, दात्यांची व पात्यांची संख्या आणि बेअरिंगचे क्रमांक एका वहीत उतरवून त्यांवरून येणाऱ्या वारंवारता तेथेच मांडून ठेवाव्यात. आणि हंगामात घेतलेल्या प्रत्येक आकड्यापुढे त्या वेळचा वेग, यंत्रावरचा भार, रेषांची संख्या, आच्छादनाचे नाव आणि मूल्याचा प्रकार लिहिल्यावाचून तो आकडा दप्तरी दाखल करू नये.